कर्नलसाहेबांचं सातवं प्रकरण

"उरलेली माणसं मागे राहिली." हे वाक्य मी त्या चार महिन्यांत किती वेळा खोडलं, आठवत नाही. मी खोडायची आणि पुढच्या शनिवारी ते परत तिथेच असायचं. कधी थोडं बदलून, "काही जणांना मागे राहावं लागलं" असं. कधी त्याच्यापुढे "परिस्थितीमुळे" असा शब्द चिकटवून. पण माणसं आपली मागेच राहायची, आणि त्यांना मागे कुणी ठेवलं हे काही केल्या कागदावर उतरायचं नाही.

वाक्य होतं एका निवृत्त सुदानी कर्नलचं. आपल्या देशातल्या यादवी युद्धाच्या आठवणी ते इंग्रजीत लिहीत होते आणि मी त्यांचं इंग्रजी सुधारून देत होते. दर शनिवारी सकाळी दहा वाजता, कुवेतच्या मंगफ भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. नवरा शेजारच्या खोलीत क्रिकेट बघत बसलेला असायचा. आमचा आवाज चढला की तो टीव्हीचा आवाज कमी करायचा. वाढवायचा नाही, कमी करायचा, म्हणजे भांडण नीट ऐकू येईल.

मी मूळची नाशिकची. इतिहासात एम. ए. केलं, दोन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं आणि पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय होता, यादवी युद्धांत लढलेल्या सेनाधिकाऱ्यांच्या आठवणी. माझे मार्गदर्शक सर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "परक्याशी लढलेला अधिकारी फुशारक्या मारतो. आपल्याच देशातल्या माणसांशी लढलेला अधिकारी हवामानाबद्दल लिहितो. तुम्ही ते हवामान वाचायला शिका." मी शिकले. कुठल्या कुठल्या देशांतल्या अशा आठवणी मागवून वाचल्या. चिखल, फाटके बूट, बंद पडलेल्या गाड्या, वरिष्ठांचा मूर्खपणा यांना पानंच्या पानं मिळतात आणि मेलेली माणसं एका ओळीत आकडा होऊन येतात, हे माझ्या लक्षात यायला लागलं होतं. दोन प्रकरणं लिहून झाली आणि नवऱ्याला कुवेतच्या रिफायनरीत नोकरी लागली. "तिथे काय, निवांत लिहिता येईल तुला," असं घरातले सगळे म्हणाले. त्याला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. विद्यापीठातली नोंदणी कधीच रद्द झाली. निवांतपणा मात्र भरपूर मिळाला.

कर्नलसाहेब भेटले ते टायपिंगच्या दुकानात. इथे सरकारी अर्ज अरबीत टाइप करून द्यावे लागतात, आणि त्यासाठी गल्लोगल्ली एका खोलीची दुकानं असतात. आमच्या मागच्या गल्लीत बाकाल्याशेजारी, म्हणजे किराणा दुकानाशेजारी, असंच एक होतं. मी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवायचे कागद घेऊन गेले होते. खुर्चीत साठी उलटलेले, उंच, ताठ बसणारे गृहस्थ होते. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. बाकीचे टायपिस्ट कागद ओढून घेतात, यांनी दोन्ही हातांनी घेतला, पूर्ण वाचला आणि इंग्रजीत विचारलं, "यात तुमच्या शिक्षणाच्या जागी 'इतिहास' लिहिलंय. हे खरं आहे का?"

"होतं एके काळी," मी म्हणाले.

"इतिहास एके काळी नसतो, उस्ताझा," ते म्हणाले. उस्ताझा म्हणजे बाई, शिक्षिका. अठरा वर्षांत कुवेतमध्ये मला पहिल्यांदाच कुणीतरी बाई म्हटलं होतं. तिथेच मी फसले.

त्यांची गोष्ट मला पुढच्या दोन-तीन खेपांत कळली. तीसेक वर्षांपूर्वी देशाच्या दक्षिणेत चाललेल्या युद्धात ते मेजर होते. पुढे कर्नल झाले, मग राज्य बदललं तेव्हा सैन्यातून कमी केले गेले आणि पोटासाठी कुवेतला आले. बायको वारलेली. मुलगी इंग्लंडात, आणि तिच्या मुलांना अरबी वाचता येत नाही, म्हणून पुस्तक इंग्रजीत. युद्धाच्या काळात त्यांनी रोजनिशी ठेवली होती, सात वह्या. त्या खार्तूमच्या घरी कपाटात होत्या. आता देशात पुन्हा यादवी पेटली, तेव्हा घर लुटलं गेलं. शेजाऱ्याने फोनवर सांगितलं की दारं-खिडक्यासुद्धा काढून नेल्या. वह्यांचं काय झालं हे विचारायची त्यांना लाज वाटली.

"तो माणूस स्वतःचं घर सोडून पळत होता," ते म्हणाले. "त्याला मी वह्या विचारू?"

म्हणून आता सगळं आठवून लिहायचं होतं. मी हो म्हटलं. नवरा म्हणाला, "अगं, तुझा प्रबंध चालत घरी आलाय." मलाही तसंच वाटलं होतं. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे ते मला फार महागात पडलं.

पहिली सहा प्रकरणं सुरेख झाली. माणूस मुळात चांगला लिहिणारा होता. लष्करी शाळेतला पहिला हिवाळा, आईने शिवलेली पिशवी, दक्षिणेत पहिल्यांदा पाहिलेली काळीभोर ओली माती. "आमच्याकडे माती म्हणजे धूळ. तिथे माती पायाला धरून ठेवत होती," असं त्यांनी लिहिलं होतं, आणि मी त्यातला एक शब्दही बदलला नाही. चहा पिताना मी शेंगदाण्याची चिक्की ठेवायची. अरबीत शेंगदाण्याला सुदानचं नाव लावतात, आणि दर वेळी ते एक तुकडा उचलून म्हणायचे, "आमच्या देशातली एवढी एकच गोष्ट जगात सगळ्यांना आवडते."

मग आलं सातवं प्रकरण.

त्यात त्यांची तुकडी एका नदीकाठच्या ठाण्यात अडकलेली होती. पावसाळा, रस्ते चिखलाने भरलेले, भोवती बंडखोर. ठाण्यात दीडशेच्या आसपास माणसं, आणि नदीपलीकडे, होडीच्या धक्क्यावर पहारा द्यायला बत्तीस. होडी बुडाली, नदी फुगली, आणि ते बत्तीस पलीकडेच अडकले. इथवर सगळं जिवंत होतं. मग एकदम मजकूर सरकारी झाला. "आदेशानुसार माघार घेण्यात आली. उरलेली माणसं मागे राहिली." त्यानंतर तीन पानं पाऊस.

"माघार घेण्यात आली म्हणजे कुणी घेतली?" मी विचारलं.

"तुकडीने."

"तुकडीचे प्रमुख कोण होते?"

"मी. ते वर लिहिलंय."

"मग 'मी माघार घेतली' असं लिहा."

"आदेश होता."

"कुणाचा? वायरलेसवर आला की कागदावर?"

ते चष्मा काढून पुसायला लागायचे. हे आमचं संभाषण थोड्याफार फरकाने चार महिने चाललं. मी त्यांना सांगितलं की आमच्या मराठी सरकारी भाषेतही असंच असतं, सगळं 'करण्यात येतं', करणारा कुणी नसतो. त्यांना ते फार आवडलं. हसले, वहीत टिपून घेतलं, आणि पुढच्या शनिवारी तेच वाक्य परत घेऊन आले.

मी चिडायची. इतकी चिडायची की ते गेल्यावर भांडी आपटायची. सतरा वर्षांची लेक कानातला इयरफोन काढून म्हणायची, "आई, इट्स हिज बुक. जस्ट लीव्ह इट." आणि मला तिचाही राग यायचा. कारण मला माहीत होतं हे काय आहे. मी असली वाक्यं शेकड्याने वाचली होती, पण ती मेलेल्या माणसांच्या पुस्तकांतली, प्रश्न विचारायची सोय नसलेली. इथे लिहिणारा समोर बसून चिक्की खात होता, आणि तरी मला उत्तर मिळत नव्हतं.

एका शनिवारी ते त्या प्रकरणाबद्दलच बोलत होते. वायरलेसचा सेट शेवटपर्यंत चालू होता, असं म्हणाले आणि पुढे त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्या पोराचा हात थरथरत होता, पण आवाज नाही."

"कुठला पोरगा?"

"सिग्नलचा लेफ्टनंट."

"जिवंत आहे?"

"आहे."

"कुठे?"

त्यांनी चिक्कीचा तुकडा बशीत परत ठेवला. मग म्हणाले, "खैरानला. एका शालेवर राखणदार आहे."

शाले म्हणजे समुद्रकाठचं सुट्टीचं घर. खैरान आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. एवढ्या अंतरावर त्या दिवसाचा दुसरा साक्षीदार राहत होता आणि मला चार महिन्यांत हे सांगितलं गेलं नव्हतं. दोघं एकमेकांशी बोलतात का, विचारलं. "ईदला मेसेज पाठवतो आम्ही," एवढंच उत्तर मिळालं. मी नंबर मागितला. त्यांनी दिला नाही. मग मी जे केलं ते बरोबर नव्हतं. ते हात धुवायला आत गेले तेव्हा त्यांचा फोन टेबलावर उघडा राहिला होता का, की त्यांच्या दुकानातल्या दुसऱ्या टायपिस्टला विचारून मी नंबर मिळवला, हे मी इथे सांगत नाही. नंबर मिळवला.

नवरा बरोबर आला. "एकटी जाऊ नकोस, आणि मुलाखत घेतल्यासारखी बोलू नकोस," असं त्याने गाडीत दोनदा बजावलं. मार्चमधला शुक्रवार होता, वाळवंटात हिवाळी सहलींचे तंबू अजून लागलेले होते. शालेचे मालक आले नव्हते. बंद घर, पुढे कालव्याचं हिरवं पाणी, आणि फाटकाशी पंचावन्न-छप्पन वर्षांचा बारीक माणूस, डोक्याला पांढरं मुंडासं. त्याने आम्हाला सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं आणि आलं घातलेली कॉफी दिली. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं अरबी बाजारापुरतं, नवऱ्याचं रिफायनरीतलं. तिघांची मिळून एक भाषा तयार झाली.

मी काही विचारायच्या आत त्यानेच विचारलं, "जनाबक माझ्याबद्दल काय लिहितात?" अधिकाऱ्याला ते असं म्हणतात, जनाबक.

"काहीच नाही," मी म्हणाले. "तुम्ही पुस्तकात नाही आहात."

त्याने मान हलवली, जणू एखाद्या जुन्या दुखण्याचा रिपोर्ट अपेक्षेप्रमाणेच आला होता. मग त्याने सांगितलं. मी फोनवर रेकॉर्ड करू का, विचारलं. तो हो म्हणाला.

माघारीचा आदेश कधी आलाच नव्हता. वरून येत होतं ते एकच: होडी पाठवतो, थांबा. अकरा दिवस थांबले. मग मेजरने, म्हणजे आमच्या कर्नलसाहेबांनी, दुपारच्या मुसळधार पावसात निघायचं ठरवलं, कारण पावसाच्या आवाजात लॉऱ्यांचा आवाज बुडला असता. पलीकडच्या बत्तिसांना आणायला होडी नव्हती. त्यांना सांगायचं तर वायरलेसवरच, आणि बंडखोर वायरलेस ऐकत होते. सांगितलं असतं तर रस्त्यावर सगळेच मेले असते. म्हणून सांगायचं नाही असं ठरलं. उलट, ठाणं जागेवर आहे असं ऐकणाऱ्याला वाटत राहावं म्हणून सिग्नलच्या लेफ्टनंटने सेट शेवटच्या लॉरीत घ्यायचा आणि दर अर्ध्या तासाने पलीकडे नेहमीसारखं बोलायचं.

"मी बोललो," तो म्हणाला. "इथे सगळं ठीक आहे. उद्या होडी येईल. भात शिजतोय. असं बोललो."

पलीकडच्या सेटवर त्याचाच दोस्त होता, प्रशिक्षणात शेजारच्या खाटेवरचा. त्याने विचारलं, इंजिनांचा आवाज येतोय का तुमच्याकडे?

"मी म्हटलं, पाऊस आहे."

नवऱ्याने कॉफीचा कप खाली ठेवला. लेफ्टनंट कालव्याकडे बघत नव्हता, सरळ माझ्याकडे बघत होता. लॉऱ्या जसजशा लांब गेल्या तसा आवाज विरळ होत गेला. शेवटी दोस्त नुसता हाक मारत होता. याला ऐकू येत होतं, पण याने उत्तर दिलं नाही, कारण तोवर उत्तर द्यायची गरज उरली नव्हती. दीडशे माणसं बाहेर पडली. बत्तिसांतलं कुणी घरी परतल्याचं याच्या ऐकिवात नाही.

"जनाबकने बरोबर केलं," तो म्हणाला. "मी त्यांना दोष देत नाही. पण ते लिहिणार असतील तर हेही लिहायला सांगा. ते वाक्य मी बोललो. मला ते कुठेतरी लिहिलेलं हवंय."

परतताना आम्ही मंगफ ओलांडून सबाह अल-सालेमच्या फाट्यापर्यंत पुढे निघून गेलो तेव्हा नवऱ्याच्या लक्षात आलं की आपलं वळण मागे राहिलं. आणि मला, खरं सांगते, दुःखाबरोबर एक आनंद झाला होता. सापडलं, असा. ज्या एका वाक्यावर मी चार महिने डोकं आपटत होते त्याच्या मागे काय आहे ते मला सापडलं होतं.

पुढच्या शनिवारी मी कर्नलसाहेबांना चहासुद्धा विचारला नाही. "मी खैरानला जाऊन आले," म्हणाले. "आदेश नव्हता."

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते खुर्चीत थोडे खाली सरकले. त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाठ टेकवून बसलेलं पाहिलं.

"नव्हता," ते म्हणाले. "नंतर वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्या पाठ थोपटण्यालाच मी आदेश म्हणतो."

"मग लिहा तसं! 'मी ठरवलं.' दोन शब्द आहेत. तुम्ही दीडशे माणसं वाचवलीत, त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"मी लपत नाही, उस्ताझा. 'मी ठरवलं' असं लिहिलं की पुढचा प्रश्न येतो, पलीकडच्यांना काय सांगितलं? मग वायरलेसवरचं बोलणं लिहावं लागतं. आणि सिग्नलचा अधिकारी एकच होता. नाव नाही लिहिलं तरी तुकडीतल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. त्या बत्तिसांना भाऊ आहेत, मुलं आहेत. त्यांच्यातलं कुणी हे वाचेल. ते माझ्यापर्यंत येणार नाहीत, मी म्हातारा कर्नल आहे. ते त्याच्याकडे जातील."

"पण त्यालाच ते हवंय. त्याने मला सांगितलं."

"त्याला काय हवंय हे त्याला कळत नाही. इतकी वर्षं समुद्राकडे बघत एकटा बसलाय. मी त्याचा कमांडर होतो."

"होतात! तुम्ही त्याला आजही हुकूम देताय. तेव्हा बोल म्हणालात, आता गप्प बस म्हणताय."

शेजारच्या खोलीत टीव्ही पूर्ण बंद झाला होता. कर्नलसाहेब उठले. कागद गोळा करायला लागले, एकेक पान, कडा जुळवून. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तुम्हाला काय मिळणार आहे यातून? तुमच्या त्या प्रबंधाला एक चांगलं प्रकरण?"

मला इतका राग आला की मी मराठीत बोलले. काय बोलले ते त्यांना कळलं नाही, पण सूर कळला. राग यासाठी आला की ते खरं होतं. खैरानहून परतताना मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. आणि तरीही मी चूक नव्हते. आणि तेही चूक नव्हते. दोघंही बरोबर असताना भांडणं ही फार वाईट गोष्ट असते, कारण माफी मागायला जागाच राहत नाही.

ते गेले. दारात नवऱ्याने त्यांच्याशी हात मिळवला. नंतर तो मला म्हणाला, "अगं, तुम्ही दोघं त्या माणसाबद्दल बोलत होतात, आणि तो इथे नव्हताच."

"मग बोलवायला हवं होतं का?"

"मला काय माहीत? मी पाइपलाइनवाला माणूस." असं म्हणून तो भाजी आणायला निघून गेला.

मी दोन वेळा दुकानात गेले. एकदा ते जेवायला गेले होते. एकदा होते, पण समोर गिऱ्हाइकांची रांग होती आणि त्यांनी माझ्याकडे रांगेतल्या कुणाही बाईकडे बघावं तसं बघितलं. मी परत आले. उन्हाळा सुरू झाला, आम्ही नाशिकला गेलो, आलो, तोवर त्या खुर्चीत एक तरुण इजिप्शियन माणूस बसला होता. साठीच्या पुढे इकामा वाढवणं दर वर्षी अवघड होत चाललं होतं. कर्नलसाहेब मुलीकडे इंग्लंडला निघून गेले, असं त्याने सांगितलं. मला निरोप नव्हता.

पुस्तक आलं त्यानंतर जवळजवळ वर्षाने, फोनवर, फाइल म्हणून. खाली दोनच ओळी: "छापून झालं. तुमच्यामुळे." मी कामं टाकून वाचायला बसले. सहा प्रकरणं तशीच, माझ्या दुरुस्त्यांसकट. सातवं प्रकरण उघडलं तर त्यात राजधानीतली बदली, लग्न, मुलीचा जन्म. म्हणजे आधी जे आठवं होतं ते. नदीकाठचं ठाणं पूर्ण गेलेलं. ते नकोसं वाक्यसुद्धा गेलं, जे मी इतक्यांदा खोडलं होतं. प्रस्तावनेत माझे आभार होते, "स्वल्पविरामांबद्दल".

मला हसावं की फोन भिंतीवर फेकावा ते कळेना. खोटं वाक्य होतं तेव्हा निदान तिथे काहीतरी दडलंय हे वाचणाऱ्याला कळलं असतं. माझ्यासारखं कुणीतरी पुढे कधी तरी विचारलं असतं, कुणी घेतली माघार? आता विचारायलाही काही उरलं नव्हतं. माझ्या हट्टाने झालेलं एवढंच.

लेफ्टनंटला सांगणं भाग होतं. फोन केला. तो म्हणाला, "जिथे ते प्रकरण असायला हवं होतं तिथलं वाचून दाखवा." मी सहाव्याचं शेवटचं वाक्य वाचलं आणि सातव्याचं पहिलं: पावसाळा संपला तेव्हा मी राजधानीत होतो. हळूहळू, अरबीत समजावून.

तो चक्क हसला. "म्हणजे आम्ही कुणीच तिथे नव्हतो," म्हणाला.

"तुम्ही लिहा," मी म्हणाले. "तुमचं तुम्ही लिहा."

"मला लिहिता येत नाही नीट. मी सिग्नलचा माणूस. मला बोलता येतं."

तेव्हापासून तो बोलतो. शुक्रवारी दुपारी, नमाज झाल्यावर, त्याचे व्हॉइस मेसेज येतात. चार मिनिटांचे, सहा मिनिटांचे. मागे वारा असतो. त्याचं सुदानी अरबी मला निम्मंसुद्धा कळत नाही. खालच्या मजल्यावरच्या लेबनीज शेजारणीला एक ऐकवला, तर ती म्हणाली, "हे काय बोलतोय? ही आमची अरबी नाही." तिला पुढचे ऐकवायची माझीच छाती झाली नाही, त्याने ते कुणाला द्यायची परवानगी दिलेली नाही. त्यामुळे मीच शब्दकोश घेऊन बसते, एकेक मेसेज दहा-दहा वेळा ऐकते, आणि तरी मधे मधे भोकं राहतात. प्रबंध म्हणून याचा काही उपयोग नाही. एकच साक्षीदार, कागद नाही, वह्या नाहीत. सरांनी पहिल्या पानावरच लाल रेघ मारली असती.

गेल्या महिन्यात त्याने पलीकडच्या माणसांची नावं सांगितली. नाव, गाव, सेटवर कुणाला काय म्हणून हाक मारायचे ते. मी देवनागरीत लिहून घेतली, कारण अरबीत लिहायला गेले की माझे स्वर चुकतात. सत्तावीस झाली. पाच त्याला आठवत नव्हती. परत परत मेसेज करून तो म्हणत होता, थांबा, आठवेल, एक उंच होता, दातात फट असलेला. त्याचं नाव काही येईना. शेवटच्या मेसेजमध्ये त्याचा आवाज मला ऐकवला नाही.

मी कर्नलसाहेबांना लिहिलं. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. पुस्तकाबद्दल काही नाही, भांडणाबद्दल काही नाही. "पाच नावं हवी आहेत," एवढंच, आणि खाली ती सत्तावीस. त्यांनी वाचलं, हे दिसलं. उत्तर नाही. एक आठवडा नाही. मी रोज फोन बघायची आणि रोज नव्याने त्यांचा राग यायचा, चपात्या लाटताना, लिफ्टमध्ये, लेकीला क्लासला सोडताना. एवढंसुद्धा देता येत नाही का माणसाला?

नवव्या दिवशी उत्तर आलं. मजकूर नव्हता, नमस्कार नव्हता. तीन नावं होती, अरबीत, एकाखाली एक. पहिल्या नावापुढे कंसात लिहिलं होतं: उंच, दातात फट.

मी ती खैरानला पाठवून दिली. उरलेली दोन त्यांनाही आठवत नसावीत. की आठवतात आणि लिहीत नाहीत, हे मला माहीत नाही, आणि या वेळी मी विचारलेलं नाही.